महिनाभर न थांबणारे जुलाब

आज हप्त्याचं, व्याजाचं काही बोलणार नाही. आज पोटाचं बोलू.

आमच्या गटातली एक ताई दोन बैठकांना आली नाही. हप्ता मात्र मुलाच्या हाती पाठवला. तिला विचारूनच सांगतोय, नाव घेणार नाही. आम्ही घरी गेलो तर ताई भिंतीला टेकून बसलेली, अंगावरचे कपडे सैल झालेले. महिनाभर जुलाब. त्याआधी तोंड आलं होतं, जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, घास गिळताना छातीत दुखायचं. उष्णता झाली असेल म्हणून तूप लाव, असं आम्हीच सांगितलं होतं. आमचं चुकलं.

ताईला एचआयव्ही आहे. बरं वाटायला लागलं म्हणून तिनं गोळ्या सोडल्या होत्या. आशाताईंना घेऊन आम्ही एआरटी केंद्रात गेलो. तिथं कळलं, रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्या २००च्या खाली गेल्या की एरवी गप्प बसणारे जंतू डोकं वर काढतात. तोंडातला पांढरा थर बुरशीचा. ही बुरशी आपल्यापैकी अनेकींच्या तोंडात असते, पण राखणदार तिला वाढू देत नाहीत. ती अन्ननलिकेत उतरली की गिळताना दुखतं. तिच्यावर औषध आहे.

जुलाबाचा जंतू निघाला क्रिप्टोस्पोरिडियम. नाव अवघड आहे, आम्हीही तीनदा विचारलं! धडधाकट माणसाला तो झाला तर बहुधा आठ-पंधरा दिवसांत जातो, ताईसारखीला सोडत नाही. शौचाच्या साध्या तपासणीत तो सुटू शकतो, म्हणून किती दिवस जुलाब आहेत आणि आजार कोणता आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. आणि बायांनो, क्लोरीनचे थेंब टाकून हा जंतू मरत नाही. पाणी खळखळ उकळायचं, किमान एक मिनिट, मग झाकून ठेवायचं. तोवर ओआरएस चालू ठेवायचं, एक लिटरची पुडी असेल तर बरोबर एक लिटर पाण्यात. पण खरा इलाज म्हणजे एआरटीच्या गोळ्या. त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. मध्येच सुटल्या असतील तर मनानं सुरू करू नका, केंद्रात विचारा.

कॅन्सरची केमो घेणारे, किडनी बदललेले, यांनाही असा त्रास होऊ शकतो.

त्या दिवशी आमच्यातल्या एकीनं ताईच्या घरचा चहा नाकारला. सांगायला लाज वाटते. एका कपातून चहा प्यायल्यानं एचआयव्ही होत नाही. उलट आपल्याच न धुतलेल्या हातांनी तिला जुलाब लागायची भीती. तिची शौचाची घाण काढली की मात्र साबणानं हात धुवायचेच, कारण जुलाबाचे जंतू आपल्यालाही लागतात.

गेल्या बैठकीला ताई आली. उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन. चहा तिनंच ठेवला आणि पहिला कप त्याच बाईच्या हातात दिला. तिनं तो घेतला.