राख कुणी झाडायची?

(घरकामगार बायकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा थोडा संक्षेप केलेला मजकूर. बोलणाऱ्या मैत्रीण मूळच्या पुण्याच्या असून बरीच वर्षं कॅलिफोर्नियात राहतात.)

मैत्रिणींनो,

ताईंनी मला तिकडच्या वणव्यांवर बोल म्हणून सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. तुमच्यातल्या कितीतरी जणींचं लहानपण चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलंय. तुम्हाला धुराचं मी काय सांगणार? पण मला जे सांगायचंय ते धुराचं कमी आणि माझंच जास्त आहे. इथे बसलेल्या बहुतेक जणी लोकांच्या घरी काम करता. मी त्या घराच्या आतली बाई आहे, मालकीण.

कॅलिफोर्नियात पाऊस पडतो तो थंडीत. उन्हाळा पूर्ण कोरडा. त्यामुळे आपल्याकडे गणपती ते दिवाळी हा जो काळ, त्या काळात तिथलं गवत, झुडपं, जंगल सगळं वाळून कोळ झालेलं असतं, आणि जमिनीकडून समुद्राकडे गरम वारे सुटतात. ठिणगी कुठूनही पडते. २०२० साली गणपतीच्या आठवडाभर आधी पावसाशिवाय नुसत्या विजा कडाडल्या आणि शेकडो ठिकाणी आग लागली. त्या वर्षभरात राज्यात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. ९ सप्टेंबरला आमच्याकडे सकाळ झालीच नाही. आकाश गडद नारिंगी, दिवसा दिवे लावलेले. त्या दिवशी धूर वरच होता. पुढच्या दोन दिवसांत तो खाली उतरला.

आम्ही काय केलं? खिडक्या बंद केल्या, फटींना ओले पंचे लावले, नवऱ्याने पंख्याला हवा गाळायचा फिल्टर चिकटवला. दर तासाला फोनवर हवेचा निर्देशांक बघायचा. दीडशेच्या वर गेला की बाहेर पडायचं नाही. नवऱ्याचं ऑफिस तेव्हा घरातूनच चाललेलं. मुलं घरात. आम्हाला बाहेर जायची गरजच नव्हती.

बाल्कनीत मात्र राखेचा थर. तुळशीच्या पानांवर, वाळत घालायच्या दोरीवर, खिडकीच्या खाचांत, सगळीकडे. मग मी फोन केला. आमच्याकडे पंधरा दिवसांनी एक मेक्सिकन बाई साफसफाईला यायची. तिला म्हटलं, या आठवड्यात जरा लवकर येशील का, बाहेर फार घाण झाली आहे.

ती आली. दोन बस बदलून आली. तोंडाला फडकं बांधलेलं. मी काचेचं दार लावून घेतलं, धूर आत येऊ नये म्हणून, आणि ती बाहेर कोरड्या झाडूने राख झाडत होती. झाडूच्या प्रत्येक फटक्याला राख उडत होती. मी आतून बघत होते. माझ्या कपाटात दोन एन-९५ मास्क होते. कोविडमुळे ते बाजारात मिळत नव्हते, म्हणून जपून ठेवलेले. ते मला आठवले नाहीत असं मी म्हणणार नाही. आठवले होते.

पुढचे चार दिवस ती खोकत पडली. तिची बाकीची घरं बुडाली. मी तिला त्या एका दिवसाचे पैसे दिले होते, ठरलेले तेवढेच.

राख म्हणजे काय हे मी नंतर वाचलं. जंगलाचीही राख साधी नसते. ओली झाली की कातडीला झोंबते, हाताला पुरळ येतं. आणि वणव्यात घरं जळाली असतील तर राखेत रंगातलं शिसं, वायरी, प्लॅस्टिक, जुन्या बांधकामातलं अ‍ॅस्बेस्टॉस असं काय काय उतरतं. धुरातले सगळ्यात बारीक कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे असतात आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतात. फडक्याने, पदराने ते थांबत नाहीत. म्हणून राख कधी कोरडी झाडायची नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने टिपायची, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नीट बसणारा मास्क घालून. साध्या व्हॅक्यूमने ओढायची नाही, तो बारीक धूळ मागून बाहेर फेकतो.

हे मालकाने करायचं की नाही, याचा कायदा काय? तिकडे २०१९ पासून नियम आहे. हवेचा निर्देशांक १५१ किंवा वर गेला तर उघड्यावर काम करणाऱ्यांना मालकाने एन-९५ मास्क द्यायचे. शेतावरच्या मजुरांना, बांधकामावरच्यांना तो लागू आहे. पण हा नियम ज्या कायद्याखाली येतो, त्या १९७३ सालच्या कामगार-सुरक्षा कायद्यातून घरकाम पहिल्यापासून वगळलेलं होतं. म्हणजे माझ्या बाल्कनीत ती बाई कामगारच नव्हती.

ही वगळणूक काढून टाकायचं विधेयक त्याच वर्षी, २०२० मध्ये, तिथल्या घरकामगार बायकांनी विधिमंडळात मंजूर करून घेतलं. सप्टेंबरअखेरीस, बाहेर वणवे पेटलेले असताना, राज्यपालांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं, खाजगी घरमालकांवर कंपन्यांसारख्या सगळ्या जबाबदाऱ्या टाकणं व्यवहार्य नाही. म्हणजे माझी गैरसोय व्हायला नको! २०२१ मध्ये एक समिती मिळाली, २०२३ मध्ये पुन्हा नकार. शेवटी २०२४ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०२५ पासून लागू झाला. पण गंमत बघा. एजन्सीमार्फत येणारी बाई त्यात आली. जिला घरमालकीण आपल्या घरच्या झाडलोटीला, स्वैपाकाला, मुलं सांभाळायला थेट ठेवते, ती अजून बाहेरच आहे.

मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, लॉस एंजलिसला दोन मोठ्या आगी लागल्या. सोळा हजारांवर इमारती गेल्या. जी घरं उभी राहिली ती आतून राखेने माखलेली. ती पुसायला कोण गेलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे तरी काय आहे? लैंगिक छळाच्या २०१३ सालच्या कायद्याने घर ही कामाची जागा मानली, घरकामगार बाईला त्यात घेतलं. ही मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्याचं कागदावर किती आणि हातात किती हे तुम्ही मला सांगाल. घरकामगारांच्या हक्कांचा २०११ सालचा आंतरराष्ट्रीय करार मात्र भारतानेही मान्य केलेला नाही आणि अमेरिकेनेही. एरवी दोघांचं किती गोष्टींवर जमत नाही!

ती बाई पुढे माझ्याकडे परत आली, पण एकटी नाही. तिथल्या घरकामगारांच्या गटाचा एक कागद घेऊन आली. निर्देशांक दीडशेच्या वर असेल तर बाहेरचं काम नाही. राखेच्या कामाला मास्क आणि हातमोजे मालकिणीने द्यायचे, दर वेगळा. धुरामुळे काम रद्द झालं तरी त्या दिवसाचे पैसे. पहिल्या दोन कलमांना मी लगेच हो म्हटलं. तिसऱ्यावर घासाघीस केली. खोटं कशाला बोलू? अर्ध्या पैशांवर या म्हटलं. ती हसली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवायला लागली. मग मी सही केली.

तो कागद मी मराठीत उतरवून आणलाय. इथे राख नाही, पण संडासात ओतायचं अ‍ॅसिड आहे, दिवाळीच्या आधी माळ्यावरची धूळ आहे, रंगकाम झालेली घरं घासणं आहे. धुराच्या जागी ते लिहून बघा. प्रती ताईंकडे ठेवल्यात. तिसरं कलम इथे कसं लिहायचं ते मला सुचलेलं नाही, ते जेवणानंतर तुम्हीच सांगा.