शरीराची नावे आणि आपली लाज

माणसाच्या ओटीपोटाच्या तळाशी, कण्याच्या खालच्या टोकाकडून निघालेला एक मज्जातंतू असतो. डावा एक, उजवा एक. बोलताना आपण त्याला नस म्हणतो. ती स्त्रीला असते, पुरुषालाही असते. लघवी आणि शौच रोखून धरणारे बाहेरचे स्नायू तिच्याच हुकमात चालतात. बाळंतपणात चिमटा लावायची वेळ आली, तर डॉक्टर कित्येकदा हीच नस सुईने बधिर करतात. इतक्या कामाच्या या नसेचे पुस्तकी नाव ‘प्युडेंडल नर्व्ह’. लॅटिनमध्ये ‘पुडेरे’ म्हणजे लाजणे. तेव्हा या नावाचा अर्थ झाला, ‘जिची लाज धरावी ती नस’! हाताच्या नसेने असा काय पराक्रम केला होता म्हणून ती या नावातून सुटली, कोण जाणे.

मी वैद्य नाही. भाषा शिकवतो. पण शब्दांचे कूळ काढण्याची खोड असली म्हणजे माणूस दुसऱ्याच्या वाड्यातही डोकावतो. तसा डोकावलो तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. नस दोघांची, पण अवयवाला हे लाजेचे नाव लावायची वेळ आली तेव्हा ते एकट्या स्त्रीच्या वाट्याला आले. शरीरशास्त्रज्ञांची जी आंतरराष्ट्रीय नामावली 1998 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला ‘पुडेंडम फेमिनिनम’, म्हणजे ‘स्त्रीचे लज्जास्थान’, असे नाव होते. पुरुषाच्या लज्जास्थानाची नोंद तिच्यात नव्हती. पुरुषाला लाज नसते असे त्या विद्वानांचे मत होते की काय, ते त्यांनी लिहून ठेवलेले नाही. 2019 साली नामावलीची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून हा शब्द काढून टाकला. नसेचे नाव मात्र तेच राहिले.

एखादा म्हणेल, अहो, नाव ते नाव. विद्यार्थी ते पाठ करतो, अर्थ कोण बघतो? आणि शतकांची नावे अशी बदलत बसलात तर गोंधळ नाही का होणार? गोंधळाची भीती खरी आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर दोन माणसे एकाच अवयवाला दोन नावांनी हाक मारू लागली तर चालणार नाही. परंतु ही नावे काही दगडावर कोरून आलेली नाहीत. 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी शरीरशास्त्रज्ञांनी बसून सुमारे 50,000 नावे चाळली आणि 5,000 च्या आसपास ठेवली. बाकीची गेली, आणि वैद्यक बंद पडले नाही. आपली आजी ‘देवी आल्या’ म्हणे. आज कुणी म्हणत नाही.

आता आपल्या घरात या. संस्कृतात या अवयवांना एक जुना शब्द आहे: ‘उपस्थ’. वेदांत त्याचा अर्थ मांडी, कूस असा येतो. पुढे पाच कर्मेंद्रिये मोजताना वाणी, हात, पाय, गुद यांच्या पंक्तीला ‘उपस्थ’ बसतो, तोही स्त्री-पुरुष दोघांचा. त्यात लाज नाही, पाप नाही. हात जसा हात, तसा उपस्थ. आणि मराठीत आपण काय म्हणतो? ‘गुप्तांग’, ‘गुह्यांग’, नाहीतर ‘ती जागा’. म्हणजे लॅटिनला नावे ठेवण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

मराठीत याबद्दल उघड, सरळ लिहिणारा माणूस झालाच नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले ते याच हट्टाने. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिले. अवयवाचे नाव छापणे हा गुन्हा ठरवणारा समाज, त्याच अवयवाचा रोग डॉक्टरला कसा सांगणार, हा प्रश्न त्या काळी कर्व्यांखेरीज फार थोड्यांना पडला.

वैद्यकाच्या पुस्तकातला शब्द वर्गातच राहिला असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. पण तो कोर्टात जातो. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे ‘कौमार्याची लक्षणे’ असा भाग असे. ‘खरी कुमारी’ आणि ‘खोटी कुमारी’ असे वर्गीकरणही असे. पुरुषाच्या कौमार्याचा भाग कुठे दिसत नसे. हे पाठ करून पास झालेला तरुण डॉक्टर पुढे बलात्काराच्या फिर्यादीत त्या मुलीला तपासतो आणि तेच शब्द कागदावर उतरवतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये हा भाग अभ्यासक्रमातून काढायचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये ‘दोन बोटांची चाचणी’ निषिद्ध असल्याचे पुन्हा बजावले आणि वैद्यकीय अभ्यासक्रमही तपासायला सांगितला. त्याआधी, ऑक्टोबर 2021 मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना आणि पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना कळवले होते की समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांविषयी पुस्तकांतून जो अपमानकारक मजकूर आहे तो दुरुस्त करा. मद्रास उच्च न्यायालयाने कान धरल्यावर आयोगाने हे केले, हेही सांगून टाकावे.

मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये हिंदीतली वैद्यकाची पुस्तके निघाली. त्यांत शरीरशास्त्राचे एक आहे. मराठीतही अशी पुस्तके हवीत अशी मागणी होते. यावीत, जरूर यावीत. पण लॅटिनची लाज भाषांतर करून मराठीत आणायची, की ‘उपस्थ’सारखा निर्मळ शब्द शोधायचा, हे ती लिहिण्याआधीच ठरवायला हवे. एकदा छापलेला शब्द पुढच्या पन्नास वर्षांच्या परीक्षांत ठाण मांडून बसतो.

आणि नुसता संस्कृत कोश उघडूनही भागणार नाही. दवाखान्यात आलेली बाई आपली भाषा घेऊन येते. ‘अंगावरून जातंय’ म्हणते. पांढरे जाते की लाल, हे विचारून घ्यावे लागते, आणि इंग्रजीत शिकलेल्या मुलाला हे कुणी शिकवलेले नसते. त्याहून मोठा घोटाळा ‘पिशवी’ या शब्दाचा. डॉक्टर विचारतो, “मावशी, ऑपरेशन झालंय का कुठलं?” उत्तर येते, “हो की, पिशवी काढलीय.” कुठली पिशवी? गर्भाशय ही पिशवी, आणि अंडाशय ही ‘अंडपिशवी’. दोन्हींना एकच शब्द. पण शरीराला ते एक नाही. गर्भाशय गेले तर पाळी थांबते, मूल होत नाही. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये गेली तर बाईचे शरीर अवेळी म्हातारपणाकडे वळते; हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचा धोका वाढतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 साली राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे 82,000 स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,000 हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्याची कारणे मोठी आहेत: गरिबी, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, खासगी दवाखान्यांची कमाई. शब्दाने एवढे सगळे घडवले असे मी म्हणणार नाही. परंतु ‘पिशवी’ म्हटले की रिकामी झाली, आता कशाला बाळगायची, हा विचार किती सोपा होतो पाहा. ‘काळीज काढून टाका’ असे कुणी इतक्या सहज म्हणेल का?

म्हणून ‘पिशवी’ शब्दावर बंदी घाला, असे नाही. तो बायकांचा शब्द आहे, त्यांनी तो वापरावा. डॉक्टरने मात्र तिच्याच शब्दापासून सुरुवात करून, कागदावर चित्र काढून, ही मुलाची पिशवी आणि या बाजूच्या दोन अंडाच्या, असे वेगळे दाखवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

तुमच्या घरात आई, मावशी, वहिनी कुणाची ‘पिशवी’ काढली असेल, तर तिचे दवाखान्यातून सुटतानाचे कार्ड शोधा. त्यावर इंग्रजीत लिहिलेले असेल. डॉक्टरांना एवढेच विचारा: अंडाशये ठेवलीत की काढलीत? तिला स्वतःला हे ठाऊक नसण्याचा संभव बराच आहे.