पान्याची पिशवी

मूलहून चंद्रपूरकडे निघालं की धानाच्या बांध्या मागे पडतात आणि थोड्याच वेळात जंगल लागतं. केळझर येतं, मग चिचपल्ली, मग पुन्हा जंगल. मोटारीतल्या माणसाला हा रस्ता तासाभराचा. सायकलवाल्याचा हिशोब मात्र वेगळा असतो. पंक्चरच्या एका दुकानापासून दुसरं दुकान किती लांब, एवढंच तो मोजतो. शहरात हे अंतर दोन चौकांचं. आमच्याकडे मध्ये अख्खं रान असतं, आणि त्या रानात वाघ असतो. वाघ ताडोब्याच्या हद्दीत राहतो, हा पाहुण्यांचा समज. मूल, सावली, सिंदेवाहीच्या शेतकऱ्याला विचारा, तो वेगळं सांगेल.

चालत्या सायकलवर माणूस जंगल ओलांडतो. पंक्चर झालेली सायकल त्याला त्याच जंगलातून हळूहळू चालवत नेते, आणि तेही बहुधा दिवेलागणीच्या वेळी. म्हणून सीटखालच्या पिशवीबद्दल बोलायचं आहे.

त्या पिशवीत फार काही लागत नाही. भोकाभोकांचा एक पाना, टायर उचकटायला दोन पट्ट्या (आमच्या भागात जुन्या चमच्याचे दांडेही चालतात), सोल्युशनची नळी, जुन्या ट्यूबचे दोन-चार तुकडे, काचकागद, फडकं आणि हाताचा पंप. आणखी एक वस्तू हवी, ती मात्र हटकून विसरली जाते: व्हॉलट्यूब. आपल्या साध्या सायकलच्या व्हॉलवर बोटाच्या पेराएवढी रबरी नळी चढवलेली असते. हवा आत जाते आणि बाहेर येत नाही, ती या नळीमुळे. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ती वाळते, चिरते. मग चाक बसतं आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. पंक्चर नसतंच. नवी नळी चढवायला मिनिटही लागत नाही. पण ती खिशात नसेल, तर पंप असून नसल्यासारखा.

खरंच काटा लागला असेल, तर मागचं चाक काढण्याच्या भानगडीत पडू नये. चेनकव्हर, चेन, नट असा व्याप वाढत जातो आणि एखादा नट पाचोळ्यात हरवतो. टायरची एकच बाजू रिमबाहेर घ्यावी, ट्यूब ओढून काढावी, थोडी हवा भरावी. दुकानात घमेल्यात पाणी असतं, रानात ते कुठलं? ट्यूब गालाजवळून फिरवावी. बारीक भोकाची हवासुद्धा गालाला कळते. तिथे काचकागद घासून पातळ सोल्युशन लावावं आणि थांबावं. हे थांबणंच कोणाला जमत नाही. सोल्युशनमधला उडणारा भाग उडून गेल्याशिवाय ठिगळ धरत नाही. ओल्यावर बसवलेलं ठिगळ पुढच्या वळणावर निघतं. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवून काटा काढावा. काटा आतच राहिला, तर सगळी मेहनत दोन फर्लांगांची.

सोल्युशनच आटलेलं निघालं, तर जुन्या माणसांकडे दोन उपाय होते. भोक पडलेला भाग चिमटीत धरून सुतळीने करकचून बांधायचा. तेही नाही जमलं, तर टायरमध्ये धानाची तणस ठासून भरायची. सायकल बैलगाडीसारखी चालते, पण चालते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला, की गावोगावचे लोक रात्री सायकलींनी नाटकाला निघत. त्यातल्या किती सायकली तणशीवर घरी परतल्या, कोण मोजणार?

काट्यांमध्ये बाभूळ बदनाम. पण सायकलचा खरा वैरी गोखरू, ज्याला पुस्तकात सराटा म्हणतात. जमिनीशी लोळणारी वेल आणि पिवळी नाजूक फुलं. फळ मात्र कसंही पडलं तरी त्याचा एखादा काटा वर राहतोच. हे गोखरू अमेरिकेतही पोचलं. तिथे त्याचं नावच ‘पंक्चरची वेल’ असं पडलं, आणि ते आवरायला 1961 मध्ये भारतात आणि युरोपात आढळणारे सोंडे किडे तिकडे सोडण्यात आले.

हवेचं टायर 1888 चं. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने ते मुलाच्या तीनचाकीसाठी बनवलं. हवा आली तसं पंक्चरही आलं. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत सुरुवातीच्या काळात नियम होता की मोडलेली सायकल स्पर्धकाने स्वतःच दुरुस्त करायची. 1913 मध्ये युजीन क्रिस्तोफ या स्पर्धकाचा पुढचा चिमटा पिरनीज डोंगरात मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालला. खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि पंचांच्या नजरेसमोर स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. भाता एका पोराने ओढला, म्हणून पंचांनी त्याला वर दंडही केला! आमच्या जंगलात दंड करायला पंच नसतात. भाता ओढायला पोरही नसतं.

आपल्या जिल्ह्याने मोठा सायकल प्रवास पाहिला आहे. 1985 च्या डिसेंबरात वरोऱ्याच्या बाबा आमट्यांचं ‘भारत जोडो’ अभियान कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघालं. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे. एवढ्या सायकली रोज चालत्या ठेवायच्या, म्हणजे कुणाचे तरी हात रोज सोल्युशनने माखणार.

आता एक गोष्ट बोलूनच टाकतो. अलीकडे ‘पंक्चरवाला’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. कोणाला उद्देशून, ते माझं नाव वाचून तुम्हाला कळेलच. पोरांनी शिकून पुढे जावं, असं मलाही वाटतं. पण भर दुपारी घमेल्यापाशी उकिडवा बसून दुसऱ्याला घरी पोचवणाऱ्या माणसाला जो हिणवतो, त्याने एकदा केळझरच्या जंगलात बसलेलं चाक घेऊन उभं राहून पाहावं. तिथे शिवी आठवत नाही, दुकान आठवतं.

आणि रोज तिथे उभं राहण्याची वेळ कोणावर येऊ शकते? शाळेच्या मुलींवर. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. चंद्रपूर-गडचिरोलीत किती घरांमध्ये मुलीची शाळा सातवीतच थांबायची, ते आम्ही पाहिलं आहे. पण मी रस्त्याने जाताना या सायकलींच्या सीटखाली पाहतो. पिशवी दिसत नाही. पंप दिसत नाही. मुलींना विचारलं तर म्हणतात, “भाऊ काढून देतो.” भाऊ गावात, मुलगी जंगलात!

एका वर्गात एक पंप आणि दोन पिशव्या ठेवायला काय हरकत आहे? कार्यानुभवाचा तास आहेच. त्यात कागदाची फुलं होतात, तसं एक ठिगळही होऊ द्या. मुलं आणि मुली दोघांनाही शिकवा. संध्याकाळी चार-पाच जणींनी मिळूनच निघावं, आणि त्यातल्या एकीच्या सीटखाली तरी सगळं सामान असावं. शिकवायला गावातल्या पंक्चरवाल्याला बोलवा, गुरुजी म्हणून.

हा तास पावसाळ्यात नको, दमट ट्यूबवर ठिगळ धरत नाही. दिवाळीनंतर ठेवावा. तेव्हा धानाची कापणी चालू असते, कुंपणाच्या काट्या बैलगाड्यांबरोबर रस्त्यावर येतात, आणि शिकण्यासाठी पंक्चरचा तुटवडा पडत नाही.