चौथ्या चौकटीचा हक्क



व्यंगचित्रकारांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आबालाल रहिमानांनी जेथे जलरंगांची उपासना केली, बाबूराव पेंटरांनी जेथे कुंचल्याला कॅमेऱ्याची जोड दिली आणि १९२७ साली जेथे वसंत सरवटे जन्मले, त्या करवीरनगरीत रेषेविषयी बोलायला मिळणे हा मी मोठा सन्मान समजतो. संयोजकांनी माझ्याकडून गतवर्षीच्या व्यंगचित्रकलेचा आढावा मागितला आहे. वृत्तपत्रांतील राजकीय व्यंगचित्राची जागा आक्रसत चालली आहे, दिवाळी अंकांतील आपली पाने अद्याप शाबूत आहेत, आणि तरुण मंडळी कागद सोडून पडद्यावर रेखाटू लागली आहेत. या तिन्ही गोष्टी आपणां सर्वांस विदित आहेत. म्हणून आढावा येथेच आटोपता घेतो आणि अनेक वर्षे मनात बाळगलेली एक फिर्याद आज आपणांपुढे दाखल करतो.

फिर्याद अशी की, ज्या भाषेत व्यंगचित्रावर लेकरासारखे प्रेम करणारे वाचक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्या भाषेत चार चौकटींच्या चित्रमालिकेला वाहिलेले, वर्षभर नियमाने निघणारे एकही नियतकालिक उभे राहिले नाही, आणि ते नसल्याची खंतही आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटते.

आपला इतिहास काही दरिद्री नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून एक प्रथा सुरू केली. येथून जवळच असलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार असल्यामुळे चित्राला त्या घरात सन्मानाचे पान मिळाले. १९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ काढला आणि त्याच्या खिडकीचित्रांनी घराघरांत हास्य पोहोचवले. १९६० च्या ऑगस्टमध्ये ठाकरे बंधूंनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र-साप्ताहिक सुरू केले आणि त्यातील ‘रविवारची जत्रा’ पाहण्यासाठी लोक अंकाची वाट पाहू लागले. परंतु या सर्व वैभवात राज्य होते ते एकाच चौकटीचे. एक चौकट क्षण पकडते. तिला आदल्या दिवसाची आठवण नसते आणि दुसऱ्या दिवसाची चिंता नसते. चार चौकटींत मात्र काळ वाहतो, माणसे ओळखीची होतात, आणि ती पुन्हापुन्हा भेटली तरच त्यांच्यात जीव भरतो. वर्षाकाठी एकदा, आश्विनात, भेटणाऱ्या पात्राशी कोणाचा घरोबा होणार? दिवाळी अंकाने आपल्याला कीर्ती दिली हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण त्याच दिवाळी अंकाने आपल्याला उरलेले अकरा महिने बेकार ठेवले, हेही आज मी स्पष्ट शब्दांत सांगणार आहे.

या उपेक्षेचे एक कारण पैशाचे होते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात प्रत्येक चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करावा लागे आणि त्याचा दर चौरस इंचावर ठरे. चार चौकटी म्हणजे चौपट खर्च, असा हिशेब करून संपादक एका चौकटीवर समाधान मानीत. हा हिशेब त्या काळापुरता समजण्यासारखा होता. ऑफसेट आले, ब्लॉक गेले, चौरस इंचाचा तगादा संपला. परंतु चित्रमालिका म्हणजे पानाच्या तळाशी उरलेली जागा भरण्याचे साधन, ही समजूत मात्र वतनासारखी एका संपादकाकडून दुसऱ्याकडे चालत आली.

मी एका साप्ताहिकात एक चित्रमालिका काढीत असे. कचेरीतला एक कारकून, त्याची पत्नी आणि त्याचे सासरे, एवढीच त्यातील माणसे. एके आठवड्यात ऐन छपाईच्या वेळी जाहिरात आली आणि जागेची अडचण झाली म्हणून माझी चौथी चौकट काढून टाकण्यात आली. मी जाब विचारायला गेलो, तेव्हा मला सांगण्यात आले की, तीन चौकटींतही आशय समजतो आणि वाचकाच्या ते लक्षातही येणार नाही. त्याच आठवड्यात माझ्या नावे एक पोस्टकार्ड आले. पाठवणारा चित्रकार नव्हता. रेषा कापऱ्या होत्या, सासऱ्यांची टोपी वाकडी होती. परंतु त्या गृहस्थाने आपल्या हाताने चौथी चौकट काढून पाठवली होती, आणि तीत सासरे नेमके तेच करीत होते जे मी त्यांना करायला लावले होते. त्या दिवसापासून माझा निश्चय झाला की चौथी चौकट संपादकाच्या मालकीची नाही आणि एका अर्थाने माझ्याही मालकीची नाही. तिच्यावर पहिला हक्क वाचकाचा आहे.

आता जपानकडे पाहावे. १९४६ साली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात, ओसामु तेझुका नावाच्या विद्यार्थ्याने मुलांच्या वृत्तपत्रात चार चौकटींची मालिका काढून आपल्या कारकिर्दीस आरंभ केला. त्याच वर्षी माचिको हासेगावा या तरुणीने फुकुओकाच्या एका वृत्तपत्रात ‘साझाए-सान’ या नायिकेचे कुटुंब वाचकांपुढे आणले. पुढे ती मालिका ‘आसाही शिंबुन’मध्ये १९७४ पर्यंत चालली, आणि १९६९ पासून दूरचित्रवाणीवर तिच्यावरील कार्यक्रम अखंड सुरू आहे. वृत्तपत्राच्या कोपऱ्यात रुजलेला हा प्रकार तेथे कोपऱ्यातच कोंडून ठेवला गेला नाही. १९८१ साली होउबुन्शा या प्रकाशनगृहाने ‘मांगा टाइम’ हे केवळ चार चौकटींच्या मालिकांचे मासिक काढले. ताकेशोबोने ‘मांगा लाइफ’ काढले. आणि २००२ साली तरुण वाचकांसाठी ‘मांगा टाइम किरारा’ निघाले. त्यातील शाळकरी मुलींच्या वाद्यवृंदाची ‘के-ऑन’ ही मालिका पुढे सचेतपटाच्या रूपाने जगभर गेली.

या मासिकांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. चौकटी वरून खाली उभ्या मांडलेल्या, एका पानावर बहुधा दोन मालिका शेजारी शेजारी, वाचन उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक मालिकेच्या माथ्यावर तिचे छोटे शीर्षक. नवोदिताला प्रथम एकदोन अंकांत पाहुणा म्हणून पाने देतात. वाचकांना तो रुचला तर त्याची मालिका मुक्रर होते, आणि पुरेशी पाने साठली की त्यांचे पुस्तक निघते. म्हणजे उमेदवारी, परीक्षा, नेमणूक आणि निर्वाहाची तरतूद हे सर्व एकाच नियतकालिकाच्या आश्रयाने घडते. आपल्या नवोदिताला यांपैकी नेमके काय मिळते? दिवाळीपूर्वी एक पत्र, दिवाळीनंतर एक अंक, आणि मानधनासाठी पुढील दिवाळीपर्यंतची प्रतीक्षा!

कालच्या परिसंवादात दोन वाद रंगले. पहिला असा की, मालिकेला रोज नवा विनोद हवा की पात्र हवे. येथील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी काही कामानिमित्त गेलो होतो. तेथल्या साचे करणाऱ्या कारागिराने माझे नाव ऐकताच हातातले काम थांबवले आणि विचारले, “साहेब, तुमच्या कारकुनाची बायको तीन आठवडे दिसली नाही. आजारी हाय का काय?” त्या तीन आठवड्यांतला एकही विनोद त्याला आठवत नव्हता; बाईंची काळजी मात्र लागली होती. माझ्या लेखी तो वाद तेथेच निकालात निघाला. विनोद हा मालिकेचा रोजचा शिधा आहे, परंतु पात्र हेच तिचे कुटुंब आहे.

दुसरा वाद असा की, चार चौकटींचा हा आग्रह परदेशी आहे. त्या चार चौकटींतील आरंभ, विस्तार, वळण आणि समाप्ती हा क्रम जपान्यांनी चिनी चतुष्पदीवरून घेतला, हे खरे. पण आपण मराठी माणसांनी चाराच्या रचनेला परकीय म्हणावे? शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी जी ओवी सिद्ध केली, तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आहेत, आणि चौथा आखूड, यमकातून मोकळा, आशयाला विराम देणारा आहे. माझ्या आजी पहाटे पोथी वाचीत, तेव्हा अर्थ न समजणाऱ्या माझ्या बालमनालाही चौथा चरण आला हे कळत असे, कारण त्यांचा आवाज तेथे उतरे आणि श्वास तेथे पुरा होई. पुढे पहिली चित्रमालिका रेखाटायला बसलो, तेव्हा तिसऱ्या चौकटीपर्यंत चढत जाऊन चौथीत थोडक्यात थांबावे, हे मला कोणा गुरूने शिकवले नाही; ते मी त्या पहाटेच्या वाचनातून उचलले होते. आपल्या कानाला सात शतके ज्या तोलाची सवय आहे, तोच तोल डोळ्याला द्यावयाचा आहे.

आणि हे मराठीत फळते याचा दाखलाही आपल्यापाशी आहे. १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू केला. त्या मुलाला दररोज सकाळी दाराशी येण्याची मुभा मिळाली, म्हणूनच तो घरचा झाला. त्याचे संग्रह निघाले, २०१२ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. मग एका चिंटूच्या यशावर तृप्त होऊन आपण हात जोडून का बसलो? त्याच्या वयाची आणि त्याच्या आजोबांच्या वयाची, शेतातली, गिरणीतली, एस.टी.च्या फलाटावरची दहा-वीस माणसे वर्षानुवर्षे कितीतरी वह्यांत कोंडून पडली आहेत. त्या वह्या मी पाहिल्या आहेत; त्यांपैकी काही वह्यांचे धनी आज हयात नाहीत, आणि त्यांच्या पात्रांना कोणी ओळखतही नाही. हे स्मरले की माझा राग ओसरतो आणि केवळ हळहळ उरते.

म्हणून या मेळाव्याने चार चौकटींच्या मालिकांचे एक मासिक काढण्याची तजवीज करावी. जुन्या मालिकांचे एक दफ्तर कोठेतरी जमवावे. तरुणांसाठी शिबिरे भरवावीत. निधी, छपाई आणि वितरण यांचा तपशील एका समितीने यथावकाश ठरवावा. त्या तपशिलात मी आज शिरत नाही. माझा आग्रह दोनच अटींचा आहे: मोबदला अंकाबरोबर हातात पडावा, आणि कोणत्याही जाहिरातीसाठी कोणाचीही चौकट कापली जाऊ नये. या दोन अटींसह हा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मंजूर व्हावा, अशी सूचना अध्यक्ष या नात्याने मी मांडतो, आणि जो कोणी तिला अनुमोदन देईल त्याने पहिल्या अंकाची पाने भरण्याची जबाबदारीही माझ्यासह स्वीकारावी, असे आवाहन करतो.