नौपाड्यांतील रिकामी कचेरी

नौपाड्यांत गोखले रस्त्यानें जातांना एखाद्या इमारतीवर ‘कचेरीसाठीं जागा भाड्यानें देणें आहे’ अशी पाटी दिसते. स्टेशन जवळ, वस्ती सुशिक्षित, बाजार हाकेच्या अंतरावर. तरीहि दीडदोनशें चौरस फुटांची ती खोली महिनोन्‌महिने कुलुपांत राहते. असें कां व्हावें?

पहिलें कारण भीति. आणि ती अगदींच निराधार नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं बांधलीं गेलीं; पुढें १ फेब्रुवारी १९७३ रोजीं केवळ परवान्यानें जागेंत असलेले लोकहि कायद्यानें भाडेकरू ठरले. ‘एकदां दिली कीं जागा गेली’ ही धास्ती तेव्हांपासून मालकांच्या मनांत बसली. परंतु ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा कां असेना. आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें. मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्याचा जलद मार्ग २४ व्या कलमांत आहे, पण तो राहत्या जागेपुरताच. म्हणून कचेरी देतांना कागदाइतकाच माणूसहि पारखावा लागतो.

दुसरें कारण लोभ. समजा, वीस हजार देणारा दारीं आला असतां मालकानें बावीस हजारांच्या आशेनें तीन महिने जागा अडवून ठेवली. साठ हजार बुडाले. पुढें दरमहा दोन हजार अधिक मिळाले तरी ती तूट भरून येण्यास तीस महिने लागतील. शिवाय सोसायटीची वर्गणी व घरपट्टी रिकाम्या खोलीसहि चुकत नाहीं.

मग भाडेकरू शोधावा कोठें? दलालाकडे अवश्य, पण त्याआधीं परिसरांतच. कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालय आहे. तेथें नित्य जाणें-येणें असलेल्या नवोदित वकिलास किंवा करसल्लागारास मोठें दालन नको असतें. एक मेज, चार खुर्च्या, एक कपाट आणि पक्षकारास सहज सांपडेल असा पत्ता त्याला पुरतो. जागेस रंग द्यावा, विजेची व पाण्याची व्यवस्था नीट करावी, सोसायटीस आधीं कळवावें. मग वाजवी भाडें सांगितलें तर त्या खोलींतून वृद्ध मालकाच्या औषधपाण्याची सोय होते आणि एका होतकरू माणसाच्या नांवाची पाटीहि दारावर लागते.