खाऱ्या सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली खनिज तेलाचा मोठा साठा सापडला आणि १९७६ पासून मुंबई हाय क्षेत्रातून तेलाचे उत्पादन सुरू झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. परंतु विहिरीतून तेल एकटे वर येत नाही, त्याच्यासोबत पाणीही येते, हे तितकेसे परिचित नाही. हे पाणी खडकांच्या छिद्रांत तेलाबरोबर युगानुयुगे कोंडलेले असते. साठ्याचा दाब टिकविण्यासाठी भूगर्भात सोडलेल्या समुद्रजलाचीही त्यात भर पडते. क्षेत्र जसजसे जुने होते तसतसे तेल घटते आणि पाणी वाढत जाते. तेव्हा तेलाच्या उद्योगाला या पाण्याची विल्हेवाट लावण्याचा उद्योगही करावाच लागतो.

या पाण्याचे स्वरूप

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेलविहिरीच्या पाण्यात ते कधी याहून कमी, तर कधी अनेक पटींनी अधिक आढळतात. त्याखेरीज तेलाचे सूक्ष्म थेंब, बेंझिन व टोल्युइन यांसारखी विरघळलेली द्रव्ये, फिनॉल, सेंद्रिय आम्ले आणि नळ गंजू नयेत म्हणून वापरलेली रसायनेही त्यात असतात. तरंगणारे तेल गुरुत्वाकर्षणाने वेगळे करता येते. बारीक थेंब हायड्रोसायक्लोनमध्ये पाणी वेगाने फिरवून, अथवा हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्यांनी वर आणून काढता येतात. परंतु जे पाण्यात विरघळून गेले आहे, ते या साधनांच्या हाती लागत नाही. तेथे जीवाणूंचे साह्य घ्यावे लागते.

मिठाची अडचण

सांडपाण्यातील घाण जीवाणूंकरवी खाववून घेण्याची सक्रिय गाळाची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मँचेस्टर येथे १९१४ साली मांडली. शहरांच्या मैलापाण्यासाठी ती जगभर वापरली जाते. मात्र हाच गाळ एकाएकी खाऱ्या पाण्यात टाकला तर निकामी होतो. याचे कारण कोकणातील प्रत्येक गृहिणीच्या अनुभवातले आहे. लोणचे मिठाने टिकते, खारवलेली मासळी महिनोन्महिने राहते. कारण बाहेरच्या मिठामुळे परासरणाने जीवाणूंच्या पेशीतील पाणी ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते. जे मीठ स्वयंपाकघरात अन्नाचे रक्षण करते, तेच शुद्धीकरणाच्या टाकीत कामगार जीवाणूंच्या मुळावर येते.

परंतु निसर्गात मिठाशी जुळवून घेतलेले जीवाणूही आहेत. ते आपल्या पेशीत एक्टोइन, बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून बाहेरच्या मिठाचा ताण तोलतात. फ्रान्सच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सांडपाण्याच्या मुखाजवळ सापडलेल्या अशाच एका जीवाणूचे वर्णन १९९२ साली मरिनोबॅक्टर या नावाने प्रसिद्ध झाले. तेलातील हायड्रोकार्बन हे त्याचे अन्न आहे. उत्तर समुद्रातून मिळालेला आणि १९९८ साली वर्णिलेला अल्कॅनिव्होरॅक्स हा तर जवळजवळ तेलावरच जगतो.

सवय आणि सातत्य

असे जीवाणू टाकीत नांदवावयाचे, तर त्यांना सवय लावावी लागते. पाण्यातील क्षार टप्प्याटप्प्याने, काही आठवडे घेऊन वाढवितात. दरम्यान दुबळे जीवाणू मागे पडतात व क्षार सोसणारे बळावतात. एकदा जम बसल्यावर मिठाच्या प्रमाणापेक्षा त्यातील चढउतार अधिक घातक ठरतात. आज खारे, उद्या पावसाचे गोडे पाणी, परवा पुन्हा खारे, असे झाले तर गाळ फुटून पाणी गढूळ होते. म्हणून शुद्धीकरणाच्या टाकीआधी पाणी एकसारखे करणारी मोठी साठवण टाकी असणे अगत्याचे आहे.

खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, तर समुद्रजलात सुमारे ६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्यामुळे हवा अधिक द्यावी लागते. तेलाच्या पाण्यात नत्र व स्फुरद यांची वाण असते. पिकाला खत घालावे तशी ही द्रव्ये टाकीत घालावी लागतात. नळांमधील जीवाणू मारण्यासाठी वापरलेले विषारी रसायन शुद्धीकरणाच्या टाकीत पोहोचले, तर सारे श्रम वाया जातात. शिवाय या सर्व क्रियेस तास, कधी दिवस लागतात. भर समुद्रातील फलाटावर जागा आणि वजन यांची टंचाई असल्याने तेथे मुख्यतः भौतिक साधनेच वापरतात, आणि जैविक शुद्धीकरण किनाऱ्यावरील केंद्रांत सोयीचे पडते. मुंबई हायचे तेल समुद्राखालील नळाने उरण येथे येते. तेव्हा हा विषय रायगडच्या किनाऱ्यालाही जवळचा आहे.

मोजमाप आणि जबाबदारी

पाणी शुद्ध झाले की नाही, हे प्रयोगशाळा सांगते. पण मीठ प्रयोगशाळेलाही फसवू शकते. रासायनिक प्राणवायू मागणीच्या चाचणीत क्लोराइडमुळे आकडा खोटाच वाढतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालून त्याला बांधून ठेवावे लागते. जैविक प्राणवायू मागणीच्या चाचणीत मिठाची सवय नसलेले जीवाणू वापरले, तर ते काम करीत नाहीत, आकडा खोटाच कमी येतो आणि घाण पाणी कागदोपत्री निर्मळ ठरते. विज्ञानाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा असा हा धडा आहे.

समुद्रात सोडावयाच्या अशा पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांनी तेलाचे प्रमाण लिटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केले आहे. शंभर नमुन्यांपैकी पंच्याण्णव या मर्यादेत बसले पाहिजेत आणि कोणताही नमुना १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. हे मोजमाप पाणी सौम्य न करता व्हावयाचे आहे, हे विशेष. स्वच्छ पाणी मिसळून आकडा खाली आणणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. घाण तेवढीच राहते, फक्त पसरते.

जीवाणूंच्या सामर्थ्यालाही सीमा आहेत. ते सेंद्रिय द्रव्ये खातात. मीठ खात नाहीत, आणि जड धातूंचा नाशही करू शकत नाहीत. शुद्ध केलेले तरीही खारे असलेले पाणी शेतात किंवा गोड्या ओढ्यात सोडले, तर जमीन नापीक होईल. खारभूमीचे बांध राखणाऱ्या कोकणातील शेतकऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून किनाऱ्यावरील पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी अशा प्रकल्पाची माहिती घेताना चार गोष्टी विचाराव्यात. पाणी एकसारखे करणारी टाकी आहे काय? चाचणी मिठाचा विचार करून केली जाते काय? नमुना सौम्य करण्यापूर्वीचा आहे काय? आणि शेवटी पाणी कोठे सोडले जाते? खाडीच्या मासळीवर ज्यांची चूल पेटते, त्या कोळी कुटुंबांचा या चार उत्तरांवर पहिला हक्क आहे.