सांध्याचे शास्त्र आणि लोकांची सत्ता

(तानसा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी घेतलेला विषय काहींना या परिसराशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. लढाऊ विमानावर दूरवर मारा करणारे शस्त्र कसे बसवले जाते, त्यामागचे शास्त्र कोणते आणि त्याचा आपल्या राजकारणाशी संबंध काय, असा हा विषय आहे. परंतु हे काम कुठल्या परमुलखात झालेले नाही. शहापूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाट चढून नाशिकच्या पुढे जातो, तेथे ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सार्वजनिक कंपनीचा विमान कारखाना आहे. ‘सुखोई-30 एमकेआय’ या विमानावर ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्र चढवण्यासाठी लागणारे फेरबदल त्याच कारखान्यात झाले.

संरक्षणाच्या प्रश्नाकडे आपण कार्यकर्ते दोनच पद्धतींनी पाहत आलो आहोत. अर्थसंकल्प आला की खर्चाचा आकडा सांगून टीका करायची, आणि युद्धाचे वारे वाहू लागले की गप्प बसायचे. शस्त्राचे ज्ञान कोणाजवळ आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हा खरा प्रश्न या दोहोंमध्ये राहून जातो. आज त्याच प्रश्नाचा विचार करू.

ओझरचा कारखाना 1964 साली रशियन ‘मिग-21’ विमाने परवान्याखाली बांधण्यासाठी उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. पुढे 2000 साली 140 सुखोई विमाने भारतात बांधण्याचा करार झाला आणि ते कामही ओझरकडे आले. अशा परवान्याखालील उत्पादनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. हजारो हात त्यातून घडले. परंतु त्याला एक मर्यादा असते. परवान्याबरोबर येणारा नकाशा सुटा भाग कसा करायचा एवढेच सांगतो. तो तसाच का करायचा आणि त्यात बदल केला तर काय होईल, हे ज्ञान परवाना देणाऱ्याच्या कपाटात राहते.

विमानावर नवे शस्त्र बसवायचे म्हटले की हा ‘का’ टाळता येत नाही. ब्राह्मोस हे भारत आणि रशिया यांनी 1998 च्या करारानुसार मिळून विकसित केलेले क्षेपणास्त्र. ते ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाते. विमानासाठी वजन कमी करून केलेली त्याची आवृत्तीसुद्धा अडीच टनांची आहे. हे धूड सुखोईच्या पोटाखाली बांधायचे म्हणजे विमानाचा सांगाडा बळकट करणे आले, क्षेपणास्त्र धरून ठेवणारी आणि नेमक्या क्षणी सोडणारी यंत्रणा आली, वीजजोडण्या आल्या. सुटल्यानंतर ते प्रथम नुसते खाली पडले पाहिजे आणि विमानापासून पुरेसे दूर गेल्यावरच पेटले पाहिजे. नाही तर सोडणाऱ्याचाच घात व्हायचा.

याहून अवघड भाग डोळ्यांना दिसत नाही. क्षेपणास्त्राला आपली जागा, दिशा आणि वेग हे सारे स्वतःच्या अंतर्गत संवेदकांवरून ताडावे लागते. पण ज्या क्षणी ते सुटते त्या क्षणी आपण नेमके कोठे आहोत, हे त्याला विमानानेच सांगायचे असते, आणि विमान तर वळत, थरथरत, वेगाने जात असते. प्रारंभीची लहानशी चूक तीनशे किलोमीटरच्या प्रवासात फार मोठी होते. विमान आणि क्षेपणास्त्र यांच्यातील हा मेळ बसवणे हे मोठ्या आव्हानांपैकी एक होते, असे सरकारी निवेदनातच नमूद आहे. त्याच निवेदनाप्रमाणे विमानाची संगणक-आज्ञावली हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिली, तर यांत्रिक आणि विद्युत बदल हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केले. 25 जून 2016 रोजी क्षेपणास्त्र घेऊन विमान नाशिकहून प्रथम उडाले. 22 नोव्हेंबर 2017 रोजी बंगालच्या उपसागरात प्रत्यक्ष मारा यशस्वी झाला. आणि जानेवारी 2020 मध्ये अशा विमानांचे दल तंजावरला उभे राहिले.

या साऱ्या खटाटोपामागच्या शास्त्राला प्रणाली-अभियांत्रिकी, म्हणजेच सिस्टिम्स इंजिनियरिंग म्हणतात. अमेरिकेत टेलिफोनच्या जाळ्याच्या आणि नंतर क्षेपणास्त्रांच्या कामातून ते वाढीस लागले. त्याचे मूळ सूत्र साधे आहे. प्रत्येक भाग उत्तम असला म्हणून सबंध वस्तू उत्तम होत नाही. बिघाड बहुधा सांध्यात होतो. म्हणून प्रत्येक सांध्याची अट आधी लिहून ठेवायची, ती कोण पाळणार हे ठरवायचे, आणि भाग सुटा तपासायचा तसाच जोडून तपासायचा. सांधा न जुळल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1961 साली प्रथम उडालेले ‘मरुत’ विमान कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडले. सांगाडा नावाजला गेला. पण त्याला साजेसे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही, आणि विमान आपल्या योग्यतेला पोहोचले नाही.

मग सुखोईच्या बाबतीत हा सांधा आपल्याला का जुळवता आला? याचे एक कारण असे, की हे विमान रशियन असले तरी त्याचा मुख्य संगणक भारतीय संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेला होता. ज्याची आज्ञावली आपल्या हाती, त्यात फेरफार करण्यासाठी परक्याच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. ज्या विमानाचा संगणक बंद पेटीसारखा येतो, त्यावर नवे शस्त्र लावायचे झाले की विक्रेत्याच्या दारी जावे लागते. तो म्हणेल ती किंमत, तो म्हणेल ती मुदत. अर्थशास्त्राच्या भाषेत ही मक्तेदारी होय, आणि ती विमानाच्या खरेदीबरोबर संपत नाही. तेथून तिचा आरंभ होतो. स्वावलंबनाची कसोटी विमानावर कोणाचा झेंडा रंगवला आहे ही नव्हे. त्याच्या सांध्यांत बदल करण्याची मुभा आणि ऐपत कोणाजवळ आहे, ही ती कसोटी होय.

हे ज्ञान बाजारात तयार मिळत नाही. एकाच कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांच्या, तंत्रज्ञांच्या आणि चाचणी-वैमानिकांच्या अनुभवात ते साठते, आणि काम तुटले की विखुरते. 126 लढाऊ विमानांच्या मूळ योजनेत 108 विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधायची होती. 2015 साली ती योजना बाजूला पडली आणि 36 ‘राफेल’ विमाने तयार स्थितीत घेण्याचे ठरले. 2019 च्या आरंभी याच कंपनीला रोजच्या खर्चासाठी सुमारे हजार कोटी रुपयांची उचल बँकांकडून घ्यावी लागली, असे खुद्द तिच्या अध्यक्षांनी सांगितले. सर्वात मोठे गिऱ्हाईक असलेल्या हवाई दलाकडे तिची मोठी रक्कम थकली होती. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंचा करार झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ‘तेजस’ विमानाच्या जोडणीच्या साखळीचे ओझरला उद्घाटन झाले, हे चांगले झाले. सार्वजनिक कारखान्यात दिरंगाई होते हे नाकारू नये. ‘तेजस’चे वेळापत्रक अनेकदा कोलमडले आहे. पण त्याचे एक कारण अमेरिकेहून यायची इंजिने रखडली हेही आहे, आणि तो पुन्हा सांध्याचाच प्रश्न आहे.

आता या शास्त्राचा दुसरा धडा. कोणतीही यंत्रणा आखताना तिची सीमा कोठे, म्हणजे तिच्यात काय धरायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे प्रथम ठरवावे लागते. हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण असतो राजकीय. तुम्हां तानसेकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. 1892 साली पूर्ण झालेले तुमचे धरण आणि त्याची जलवाहिनी ही अभियांत्रिकीची उत्तम कृती आहे. तिने सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबईला पाणी पुरवले. मात्र आखणाऱ्यांनी यंत्रणेची सीमा मुंबईच्या गरजेशी आखली आणि वाटेतील पाडे तिच्या बाहेर राहिले. म्हणून शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळाचा सांधा कोठे गळत नाही. गळाली ती माणसे.

शस्त्राच्या बाबतीत अशी चुकीची सीमा किती महाग पडू शकते, हे 9 मार्च 2022 रोजी दिसले. त्या दिवशी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि शंभराहून अधिक किलोमीटर आत जाऊन पाकिस्तानातील मियां चन्नूजवळ पडले. ते विमानावरून सुटलेले नव्हते, जमिनीवरून सुटले होते. पण प्रश्न तोच. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. प्रथम तांत्रिक बिघाड असे सांगण्यात आले. चौकशीनंतर ऑगस्टमध्ये, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही म्हणून, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. क्षेपणास्त्राचे कनेक्टर जंक्शन बॉक्सला जोडलेलेच राहिले होते, अशी बाजू पुढे दिल्ली उच्च न्यायालयात मांडली गेली. दोन अण्वस्त्रधारी देशांमधील शांतता एका जोडणीवर टांगलेली होती, असा याचा अर्थ होतो. तीन माणसांना घरी पाठवून शिस्तीचा प्रश्न सुटेल. पण एका माणसाच्या चुकीने एवढे घडूच शकले कसे, हा यंत्रणेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दूरच्या शस्त्राचा आणखी एक गुण आहे. तीनशे किलोमीटरवरून मारा करणाऱ्याला लक्ष्यावरील माणूस दिसत नाही. त्याला पडद्यावरचे आकडे दिसतात. अंतर वाढते तसा निर्णय सोपा वाटू लागतो. म्हणून शस्त्र जितके दूरचे, तितकी जबाबदारी जवळची आणि ठाम हवी. यंत्रणेची सीमा वैमानिकाच्या बटणाशी किंवा सेनापतीच्या दालनाशी संपता कामा नये. आज्ञा देणारे मंत्रिमंडळ, त्याला जाब विचारणारी संसद, संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आणि महालेखापरीक्षक हेही त्या यंत्रणेचेच भाग आहेत. गुप्ततेची गरज मान्य करूनही, अपघाताची चौकशी लोकप्रतिनिधींपुढे येऊ नये याचे समर्थन होऊ शकत नाही.

मित्रहो, यातून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लोकांपुढे नेल्या पाहिजेत. पहिली, परदेशी विमान घेताना त्यावर आपले शस्त्र आपणच बसवण्याचा अधिकार करारात असलाच पाहिजे. तो नसेल तर कमी किमतीची फुशारकी व्यर्थ आहे. दुसरी, ओझरसारख्या कारखान्यांना सलग आणि वेळेवर मोबदला मिळणारे काम मिळाले पाहिजे, आणि तेथील कुशल कामगार कंत्राटाच्या चक्रात भरडला जाता कामा नये. तिसरी, प्रत्येक शस्त्रयंत्रणेच्या सुरक्षिततेचा हिशेब संसदेच्या समितीला मिळाला पाहिजे.

जे राष्ट्र अडीच टनांच्या अस्त्राला उडत्या विमानावरून त्याचा ठावठिकाणा अचूक सांगू शकते, त्याला जलवाहिनीच्या कडेचा पाडा नकाशात सापडत नाही, हे पटण्यासारखे नाही. उणीव ज्ञानाची नाही. यंत्रणेत कोणाला धरायचे, हे ठरवण्याचा अधिकार लोकांनी अजून हाती घेतलेला नाही. तो हाती घेण्याचे काम आपले आहे.